जेवणघराचा रंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार लोकांपुढे उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर मंडळात माझे काम म्हणजे चहाचे आधण ठेवणे आणि सतरंज्या झटकणे. पण यंदा चिटणीसबाईंनी ‘घर सजवताना’ असा विषय काढला आणि माझे नाव पुढे केले. त्याला कारण, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेल्या बहुतेक जणींनी मला एकच विचारले. सगळे जण प्लास्टिक पेंट लावतात, तुम्ही जेवणघराला जुन्या काळचा चुना का दिलात, आणि टेबलावर ते हिरवे मेणकापड कशाला? त्या वेळी वाण देण्याच्या गडबडीत प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने उत्तर दिले. आज सगळे एकत्र सांगते. चुकले तर पदरात घ्या.

22 जुलै 2021 हा दिवस चिपळुणात कोणाला समजावून सांगायला नको. आमच्या घरात 2005 साली गुडघाभर पाणी आले होते, त्या दिवशी छातीइतके चढले. आम्ही सासूबाईंना घेऊन माळ्यावर बसलो होतो आणि खाली धान्याचे डबे एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज ऐकत होतो. पाणी ओसरल्यावर गाळ काढण्यात किती दिवस गेले ते तुम्हीही भोगले आहे. स्टीलची ताटे गाळातून काढून चार-चारदा घासली, चिंच लावली, गरम पाण्याने धुतली. तरी त्यात जेवायला मन घेईना. मग मुंबईच्या माझ्या नणंदेने काचेची पांढरी शुभ्र ताटे पाठवली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, पाटावर बसणे त्यांना होत नव्हते, म्हणून आम्ही टेबल घेतले. तेही पांढऱ्या पत्र्याचे. आणि माजघरामागची जी खोली आम्ही जेवणासाठी केली, तिला आमच्या घरच्यांनी दिवाळीपूर्वी पांढरा प्लास्टिक पेंट लावून घेतला. रंगारी म्हणत होता, “काकी, भिंती अजून ओल्या आहेत, थांबा.” पण भिंतीवरची ती गढूळ रेघ रोज बघवत नव्हती. पांढरे झाले म्हणजे पूर गेला, असे आम्हां सर्वांनाच वाटत होते. मीही त्यात होते. नंतर नवऱ्यावर ढकलले ती गोष्ट वेगळी.

त्या खोलीत सगळे पांढरे झाले. भिंत पांढरी, टेबल पांढरे, ताटे पांढरी आणि डोक्यावर पांढरी ट्यूब. आल्या-गेल्याने म्हणावे, अगदी दवाखान्यासारखे स्वच्छ दिसते हो! मला तेव्हा ती स्तुती वाटली.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय रंगाचे काही कळायचे नाही.

त्या दिवाळीनंतर सासूबाईंचे जेवण कमी होऊ लागले. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढलेले असे, तरी त्या विचारायच्या, “आज मीठ वाढले नाहीस गो?” दहीभात वाढला तर मधला थोडा खायचा आणि कडेचा सगळा तसाच ठेवायचा. खोबऱ्याची चटणी तर ताटाबाहेर जाई. मला वाटे, यांना माझ्या हातचे आवडेनासे झाले. बावीस-तेवीस वर्षे यांच्या घरात रांधते आहे, आणि आता या माझ्या मिठाच्या खोड्या काढतात! मनात अढी बसली. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी मीठ मागितले तेव्हा मी फटकन बोलले, “डोळ्यांसमोर तर आहे. दिसत नाही का?”

त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी मीठ मागणेच बंद केले. अळणी असेल तर अळणी खायच्या, आणि “भूक नाही” म्हणून लवकर उठायच्या. हातातल्या काकणांनी वर सरकून कोपर गाठले, तेव्हा माझ्या लक्षात आले की बाई वाळली आहे. तरीही मी डॉक्टरांना सांगितले ते भूक लागत नाही असे. डोळ्यांचे नाव माझ्या तोंडी आले नाही.

2022 साली गणपतीत उकल झाली. गौरी जेवायच्या दिवशी आम्ही रीतीप्रमाणे केळीच्या पानावर वाढले. सासूबाईंचे पान टेबलावरच मांडले. आणि त्या दिवशी बाई व्यवस्थित जेवल्या! मीठ बोटाने टिपून घेतले, लिंबाची फोड स्वतः पिळली, भात दुसऱ्यांदा मागितला, आणि पानावर शीत उरले नाही. वाढायला माझी नणंद होती. माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर आला. लेकीने वाढले म्हणजे भूक लागते आणि सुनेने वाढले म्हणजे लागत नाही! दुसऱ्या दिवशी नणंदेनेच पांढऱ्या ताटात वाढले, आणि सासूबाई पुन्हा विचारू लागल्या, “मीठ?” त्या वेळी मी दाराशी भांडे घेऊन उभी होते. नणंद म्हणाली, “अगो आई, हे काय इथे आहे!” सासूबाईंचे बोट ताटावर नुसते फिरत राहिले. ते बोट मी पाहिले आणि मला माझेच शब्द आठवले.

त्यांना दिसत नव्हते हो. पांढऱ्यावर पांढरे दिसत नव्हते. हिरव्या पानावर पांढरा भात दिसत होता, म्हणून त्या दिवशी त्या जेवल्या. म्हातारी माणसे डोळ्यांचे सांगत नाहीत. सांगितले तर आपल्याला विळीपासून उठवतील, दिव्याची वात लावू देणार नाहीत, ही भीती त्यांना असते.

पुढे जानेवारी 2023 मध्ये आपल्याच मंडळाने डोळे तपासण्याचे शिबिर भरवले, त्यात मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून दिले. डोळ्यातले भिंग वयाने गढूळ आणि पिवळसर होत जाते. मग पांढरे मळके दिसते, निळे आणि जांभळे काळपट दिसते, आणि जवळजवळच्या दोन रंगांतला फरक कळत नाही. त्यात उजेड झगझगीत असला तर तो त्या गढूळ भिंगात पसरतो आणि आणखीच दिसेनासे होते. आमची पांढरी भिंत आणि समोरची ट्यूब म्हणजे सासूबाईंना धुक्यात जेवायला बसवल्यासारखे झाले होते. शस्त्रक्रियेचे नाव काढताच मात्र त्या म्हणाल्या, “डोळ्याला सुरी लावून घ्यायची नाही मला.” म्हणजे आता जे करायचे ते खोलीने करायचे होते.

देवाची करणी अशी की, तोपर्यंत भिंतीनेही आपले म्हणणे ऐकवले होते. 2022 च्या पावसात प्लास्टिक पेंटला फोड आले, पोपडे सुटले आणि खालून मिठासारखी पांढरी पूड निघू लागली, ज्याला आपण लोणा म्हणतो. आमची भिंत जांभ्याची. जांभा म्हणजे सच्छिद्र दगड, पाणी पोटात धरून ठेवतो. आतले पाणी बाहेर यायला बघते, वरून प्लास्टिकचा पापुद्रा ते अडवतो, मग पापुद्राच फुटतो. नव्या रंगाने पूर झाकला जात नाही हे तेव्हा कळले.

पाऊस संपल्यावर सगळा रंग खरवडून काढला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. लोण्याची पूड ब्रशने कोरडीच झाडायची, पाण्याने धुवायची नाही. धुतली की ती परत भिंतीत जाते. सुकली का नाही हे पाहण्याची एक साधी युक्ती रंगाऱ्याने सांगितली. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावायचा आणि दोन दिवसांनी पाहायचे. आतून दव धरले तर भिंत अजून ओली आहे. आमच्याकडे डिसेंबरात दव धरले, फेब्रुवारीत थोडे धरले, एप्रिलमध्ये कागद कोरडा निघाला. तोवर उघड्या भिंतीवरून शेजारणी काय काय बोलल्या ते इथे सांगत नाही. त्यांतल्या काही समोरच बसल्या आहेत.

दाराच्या चौकटींवर जुना तेलरंग होता, सासऱ्यांच्या वेळचा. तो काढताना मात्र मी रंगाऱ्याला कोरडा पॉलिश पेपर मारू दिला नाही. जुन्या तेलरंगांत शिसे असायचे, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूला अपाय होतो. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे असू नये, असा सरकारचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. नणंदेचा नातू तेव्हा रांगत होता. म्हणून पाणी मारून, ओला घासून रंग काढला, खाली जुनी लुगडी अंथरली, आणि तो चोथा पिशवीत बांधून टाकला. परसात केळीच्या आळ्यात नाही टाकला.

आता रंग कसा निवडला ते सांगते. दुकानात रंगांचे कार्ड देतात, त्यावर बोटभर चौकोन असतात. त्यावरून ठरवू नये. कार्डावर जो रंग साधा वाटतो तो चार भिंतींवर चढला की अंगावर येतो. आम्ही भिंतीवर दोन-दोन फुटांचे चार पट्टे ओढून घेतले आणि आठ दिवस तसेच ठेवले. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी एकला आणि रात्री दिवा लावल्यावर, असे तीन वेळा पाहायचे. एक फिकट हिरवा पट्टा सकाळी फार गोड दिसे, पण रात्री ट्यूबखाली बसलेल्या माणसाचे तोंड आजाऱ्यासारखे दिसायचे आणि वरण तर शिळे वाटायचे. तो गेला. एकीने मला सांगितले की लाल रंगाने भूक वाढते. असेल. आमच्याकडे ती लसणाच्या फोडणीने वाढते.

टेबलासाठी मी एक प्रयोग केला, तो तुम्हांला घरी करता येईल. आपल्या प्रत्येकीच्या कपाटात हळदीकुंकवात आलेल्या ब्लाऊजपिसांचा गठ्ठा असतोच. त्यातले हिरवे, मरून, गडद निळे आणि गुलाबी असे चार तुकडे काढले. एकेका तुकड्यावर पांढऱ्या वाटीत आमटी आणि शेजारी चिमूटभर मीठ ठेवले, आणि सासूबाईंना विचारले, “आई, वाटी कुठे, मीठ कुठे?” गुलाबीवर त्या चाचपडल्या. निळ्यावर मीठ दिसले, पण “काळे कापड जेवणाला कशाला मांडलेस?” म्हणून रागावल्या. निळे त्यांना काळे दिसत होते. मरूनवर आणि हिरव्यावर बोट बरोबर पडले. मरून की हिरवा, हे त्यांनीच ठरवले. म्हणाल्या, “हिरवे. पानावर जेवल्यासारखे वाटते.” लग्न होऊन या घरात आल्यापासून कोणत्याही रंगाबद्दल त्यांना कोणी विचारले होते असे मला वाटत नाही. मीही विचारले नव्हते.

तेव्हा टेबलावर केळीच्या पानाच्या रंगाचे, झिलई नसलेले मेणकापड आले. काचेची पांढरी ताटे कपाटात गेली. नणंदेला मी खरे कारण सांगितले आणि तिने वाईट वाटून घेतले नाही. सासूबाईंच्या ताटात रोज परसातल्या केळीच्या पानाचा तुकडा कापून बसवायचा. त्यावर भात, दही, मीठ. आणि काळ्या वाटाण्याची आमटी मात्र पांढऱ्या वाटीत. म्हणजे पांढरे हिरव्यावर, काळे पांढऱ्यावर. एवढ्या गोष्टीला पैसे किती लागले म्हणाल, तर मेणकापडाचे तेवढेच.

भिंतीला चुनाच दिला. चुन्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडू शकतो आणि तो हवेत सुकत सुकत पुन्हा दगडासारखा होतो. कळीचा चुना आठ दिवस भिजवला. भिजवताना पाणी उकळते, तेव्हा मुलांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. मग तो फडक्याने गाळून त्यात थोडे डिंकाचे पाणी आणि पिवडी घातली. ओला असताना रंग गडद दिसतो, सुकला की पुष्कळ फिकट होतो. म्हणून आधी एका वीटेवर लावून सुकवून पाहावा. पातळ असे तीन हात दिले. हळद घातलेल्या दुधाचा रंग आला. खाली तीन फुटांपर्यंत चुन्यात गेरू घालून पट्टा ओढला, कारण मुलांचे हात तिथपर्यंतच पोचतात. मला तो पट्टा विटकरी हवा होता, पण चुन्यात गेरू गुलाबीच होतो, आणि हट्टाने जास्त घातला तर पूड हाताला लागते. चुन्याचा दोषही सांगायला हवा. तो पुसून काढता येत नाही, आणि टेकून बसले तर थोडा पदराला लागतोच. दर वर्षी गणपतीपूर्वी एक हात द्यावा लागतो. ज्यांच्या भिंती सिमेंटच्या आणि कोरड्या आहेत त्यांनी चुन्याच्या मागे लागू नये. धुता येईल असा बिनझिलईचा रंग त्यांना बरा. दाराच्या चौकटी मात्र गडद तपकिरी केल्या, म्हणजे सासूबाईंना दार कुठे आहे ते भिंतीपासून वेगळे कळते.

ट्यूब काढली. टेबलाच्या वर, डोळ्यांत उजेड येणार नाही अशी टोपी घालून, पिवळसर उजेडाचा एलईडी दिवा टांगला. खोक्यावर 3000 के असा आकडा पाहून घ्यावा. 6500 लिहिलेला दिवा निळसर पांढरा असतो. खिडकीसमोरची काचेची तसबीर चकाकत होती, ती बाजूच्या भिंतीवर नेली. प्लास्टिकच्या फुलांचे तोरण काढून टाकले. फोडणीची वाफ आणि धूळ बसून त्याचे काय होते ते तुम्ही जाणताच. भिंतीवर आता एक मोठ्या आकड्यांचे घड्याळ आहे आणि फडताळात पुरातून वाचलेले दोन पितळी डबे. सजावट म्हणाल तर एवढीच.

आमची मुलगी चित्रकलेच्या परीक्षांना बसलेली आहे. तिने एके दिवशी आजीला मोबाइलवर एक चित्र दाखवले. फ्रान्स देशात क्लोद मोने नावाचे मोठे चित्रकार होऊन गेले. जिव्हेर्नी गावच्या त्यांच्या घरात जेवणाची खोली सगळी पिवळी आहे. भिंती पिवळ्या, कपाटेही पिवळी. त्यांनाही मोतीबिंदू झाला होता, रंग ओळखू येईनात, आणि तेही शस्त्रक्रियेला फार वर्षे घाबरत होते. शेवटी 1923 साली, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांनी ती करून घेतली. सासूबाईंनी विचारले, “तेव्हा आतासारखी सोय होती?” मुलगी म्हणाली, “नव्हती गं आजी. कित्येक दिवस डोळे बांधून पडून राहायला लागायचे.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “तो पिवळ्या खोलीतला म्हातारा माझ्यापेक्षा मोठाच होता की.”

2023 च्या दिवाळीनंतर डावा डोळा झाला आणि 2024 च्या फेब्रुवारीत उजवा. प्रत्येक वेळी संध्याकाळपर्यंत घरी आलो. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना जेवणघरात आणून बसवले. मी जवळच उभी होते. मनात होते की आता त्या म्हणतील, किती छान रंग दिलास गो. आणि त्या मिठाच्या दिवसाबद्दल माफी मागायची, तीही तेव्हाच मागावी, असे मी ठरवले होते.

त्यांनी भिंतीकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले, माझ्याकडे बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, “तुझे केस पांढरे झाले गो. मला कोणी सांगितले नाही.” मी माफी मागायला तोंड उघडले, तोवर त्यांची नजर वर गेली होती. “आणि त्या कोपऱ्यात केवढे जळमट आहे ते! कुंचा आण.”